येऊन राहिली

"काय होऊन राहिलं?"

समोर कोणीही येवो, ती आधी हेच विचारायची. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. मान थोडी डावीकडे झुकवायची, हातातल्या पेनाचं टोपण काढायची आणि विचारायची. कार्यशाळेच्या पहिल्या रविवारी मी दोन मजले चढून भिंतीला टेकले होते, तेव्हा तिनं मलाही तसंच विचारलं. मी म्हटलं, "काही नाही हो, गुडघे." तिनं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. पुढे एकदा ती वही पाहायला मिळाली. त्यात खरोखरच तारीख घालून 'गुडघे' असं लिहिलं होतं.

सवय होती ती कामाची. नागपूरजवळ कोराडीला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ती केसपेपर काढायची. खिडकीत बसून नाव, वय आणि तक्रार लिहून घ्यायची. तक्रारीसाठी कागदावर एकच ओळ असते आणि माणसं काही एका ओळीत आटपत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. पोटापासून सुरुवात करतात आणि सुनेपर्यंत येऊन पोहोचतात. ती सगळं ऐकून घ्यायची, ओळीत 'पोटदुखी' लिहायची आणि उरलेलं घरी जाऊन डायरीत उतरवायची. औषध कंपन्या दवाखान्यात डायऱ्या वाटतात, त्यांतल्या बऱ्याच तिनं अशा भरल्या होत्या. कार्यशाळेच्या अर्जात 'लेखनाचा अनुभव' ह्या रकान्यापुढे तिनं लिहिलं होतं, 'रोजचा आहे'.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आमचं घर नागपुरातल्या महाल भागातलं, जुनं, कारकुनी. आमच्याकडे 'मले' आणि 'तुले' भाजीवाल्याशी बोलताना चालायचं, पानावर बसल्यावर नाही. शाळेतही मी तेच चालवलं. पोरांनी निबंधात 'मी जाऊन राहिलो' लिहिलं की खाली लाल रेघ मारायची आणि वर 'मी जात आहे' लिहायचं. किती पोरांच्या वह्या अशा रंगवल्या, त्याची गणती नाही. रिटायर झाल्यावर वाटलं, आयुष्यभर दुसऱ्यांचं तपासलं, आता आपण लिहावं. म्हणून कार्यशाळेला नाव घातलं.

कार्यशाळा लक्ष्मीनगरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दहा रविवार चालली. शिकवायला मुंबईच्या एक लेखिका आणि पुण्याचे एक नाट्यदिग्दर्शक. दोघांचंही पोट ह्याच कामावर, त्यामुळे गुळमुळीत बोलणं नव्हतं. पहिले पाच रविवार लेखिकाबाई लिहून घेणार, पुढचे पाच रविवार सर ते बसवून घेणार आणि दहाव्या रविवारी संध्याकाळी घरच्या माणसांसमोर प्रयोग. नियम एकच होता. आपण लिहिलेलं आपण करायचं नाही, जोडीदारानं करायचं. "स्वतःचं लिहिलेलं स्वतः म्हणताना माणूस स्वतःच्याच प्रेमात पडतो," असं लेखिकाबाई म्हणाल्या. मला ते मुळीच पटलं नाही, कारण मी माझं स्वतःच म्हणायचं ठरवून आले होते.

जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या. माझ्या वाट्याला ती आली. खोटं कशाला सांगू, माझं तोंड उतरलं.

मी माझ्या निरोपसमारंभावर लिहिलं होतं. त्यात 'कृतार्थतेची सांजवेळ' होती, डोळ्यांच्या ओलावलेल्या कडा होत्या, झालंच तर फळ्यावरची पुसट अक्षरंही होती. तिनं दोनदा वाचलं. मग मान डावीकडे गेली.

"मॅडम, हे सांजवेळ कायले पाह्यजे? निरोप तर दुपारी झाला असंन ना?"

"दुपारीच झाला. पण ते तसं म्हणतात."

"बरं. आणि मग इथी दुखते कुठी?"

मला राग आला. एकतीस वर्षांत माझ्या मराठीला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पण घरी जाऊन पुन्हा वाचलं तेव्हा दुखत कुठेच नव्हतं. खरं दुखलं होतं ते वेगळंच. निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी माझं नाव चुकवलं होतं आणि कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी ते लिहून आणलं. ती म्हणाली, "हां. आता केसपेपर झाला."

तिचं लिखाण जेमतेम दीड पानाचं होतं. एक बहीण, तिचा भाऊ आणि फोन. गावी माय आजारी आहे. भाऊ तीनदा फोन करतो आणि विचारतो, "कुठी आहेस?" बहीण तिन्ही वेळा एकच उत्तर देते, "येऊन राहिली." तिसऱ्या वेळी भाऊ म्हणतो, "आता घाई नको करू." संपलं. मध्ये दोन-चार वाक्यं मायच्या तब्येतीची, बाकी काही नाही.

मी ते घरी नेलं आणि माझ्या सुबक अक्षरात लिहून आणलं. हात सवयीनं चालला. 'मले'चं 'मला' झालं, 'येऊन राहिली'चं 'येत आहे' झालं. तिनं माझा कागद नीट वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"चांगलं आहे मॅडम. पण हे तुमचं झालं. तुम्हाले तर माहं म्हणायचं आहे ना?"

मग मी तिचं म्हणायला लागले. पहिल्यांदा 'मले' म्हटलं आणि सगळा हॉल हसला. दोष माझा होता. नाटकातली वऱ्हाडी बोलणारी मोलकरीण जशी बोलते, तशा सुरात मी म्हटलं होतं. ती भाषा नाटकात हसायलाच ठेवलेली असते, हे आपण इतक्या वेळा पाहिलंय की तोंड आपोआप तसं वाकडं होतं. ती चिडली नाही. हाताची घडी घालून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "अजून एक डाव."

म्हटलं. पुन्हा हशा.

"अजून एक डाव."

त्या रविवारी तिनं मला ते किती वेळा म्हणायला लावलं, देव जाणे. चहा निवला. शेवटी कोणी हसेना. मी सुधारले म्हणून की लोक कंटाळले म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. ती मात्र म्हणाली, "आता तुम्ही बोलून राहिल्या. अगोदर नक्कल करून राहिल्या होत्या."

पुण्याचे सर आले ते सहाव्या रविवारी. त्यांना तिचं लिखाण फार आवडलं. त्यांनी दोन बाकं जोडून पलंग केला, उशी म्हणून कोणाची तरी बॅग ठेवली आणि मला उशाशी बसवलं. एक हात उशीवर, दुसऱ्या हातात फोन. म्हणाले, "किती साधं आणि किती सुंदर आहे बघा. भाऊ परगावी आहे. आई आजारी. बहीण येऊन राहिली आहे, मुक्कामालाच आली आहे. भावाला काळजी, तो पुन्हा पुन्हा विचारतो, कुठे आहेस? ती म्हणते, मी येऊन राहिली. आणि शेवटी तो म्हणतो, आता परत जायची घाई करू नको. वा."

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्याही आलं होतं. नागपुरात जन्म गेलेला माणूस 'येऊन राहिली'चा अर्थ 'आली आणि राहिली' असा लावणार नाही. पण माणूस पुण्याचा, त्यात एवढा मोठा दिग्दर्शक. मी गप्प बसले. हॉलमधले सगळे नागपूरकर गप्प बसले. 'समजलं नाही तर हात वर करा' असं जन्मभर पोरांना सांगणारी मी, मला सगळं समजलेलं असताना माझा हात वर गेला नाही. ह्याची लाज मला अजून वाटते.

ती उठली. "सर, ते पोहोचली नाही."

"कोण?"

"बहीण. ते येऊन राहिली. म्हणजे अजून यायची आहे."

सर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग मोकळेपणानं हसले. "माझी चूक. मला तुमची भाषा येत नाही. म्हणजे ती वाटेत आहे. बसमध्ये." त्यांनी पलंग मोडला, खुर्च्यांच्या दोन रांगा लावल्या आणि मला वरचा दांडा धरल्यासारखं उभं केलं. "आता तिन्ही फोन इथे."

"नाही सर. इथी फक्त तिसरा."

"मग पहिले दोन?"

"पहिल्या दोन डावले ते निंगालीच नाही."

आता मात्र हॉलमध्ये हशा पिकला, कारण हे सगळ्यांच्याच घरचं होतं. आमच्याकडे 'येऊन राहिलो' म्हणणारा माणूस निम्म्या वेळा अजून अंघोळीला गेलेला नसतो. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. ती हसली नाही. हसू ओसरेपर्यंत थांबली.

सरांनी विचारलं, "मग ती आहे कुठे?"

"दवाखान्यात. खिडकीत बसून केसपेपर काढून राहिली."

सर खुर्चीच्या कडेवर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "हे तुम्ही लिहिलं का नाही?"

"लिहिलं ना सर. तेच तर लिहिलं आहे."

चहाच्या वेळी ती मला जिन्यात घेऊन गेली. तिथं तिनं सगळं सांगितलं, तेही केसपेपर वाचल्यासारखं सरळ. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माहेर सावनेरच्या पुढे, कोराडीहून तासाभराच्या अंतरावर. सकाळी दहाच्या आत भावाचा पहिला फोन आला, माय तुझं नाव घेऊन राहिली म्हणून. माय दर आठवड्याला बोलवायची, त्यामुळे तिला ते रोजचंच वाटलं. खिडकीपुढे रांग होती. म्हटलं, एवढे काढून घेऊ. अकराला दुसरा फोन. तेव्हाही रांग होतीच. ती निघाली बाराला. तिसरा फोन आला तेव्हा ती खरोखरच बसमध्ये होती.

"दहाची गाडी धरली असती तर अकराले मायजवळ असती मी," ती म्हणाली.

"भाऊ चिडला असेल," मी म्हटलं.

"चिडला असता तर बरं झालं असतं वं."

ती मला 'वं' म्हणाली, मैत्रिणीला 'गं' म्हणावं तसं. ते तिच्याही लक्षात आलं नाही आणि मी ते लक्षात येऊ दिलं नाही.

भाऊ चिडला नव्हता. भावानं ते खरं मानलं होतं. दोन तास बहीण वाटेत आहे म्हणजे गाडी बंद पडली असणार, असं त्यानं स्वतःच धरून घेतलं. दहाव्याला पाहुण्यांना तसंच सांगितलं. ती तिथंच बसली होती, तिनं मान हलवली. मग दर राखीला, दर दिवाळीला तो कोणा ना कोणाला सांगायचा, "हिची गाडी बंद पडली होती. लय तडफडली बिचारी रस्त्यात." आणि तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढायचा. माय गेल्यावर तो भाऊ म्हणजेच तिचं माहेर होतं. दुसरं कोणीच नव्हतं.

"त्याले सांगायले गेली तीन डाव. तोंडच उघडत नाही. इथी नियम आयकला, की आपलं दुसऱ्यानं म्हणायचं. तेव्हाच ठरवलं. तुम्ही म्हणसान. तो समोर बसून आयकंन."

"आणि आयकून त्यानं दार लावून घेतलं तर?"

"तर लावंन," ती म्हणाली. "पण पोळी नाही वाढणार."

मला भीती वाटली. एखादीचं माहेर तुटायचं तर ते माझ्या तोंडून तुटू नये, एवढीच ती भीती होती. पुढच्या रविवारी मी तिला आडून आडून सुचवलं की दुसरा फोन गाळू या, एकदाच म्हटलेलं पुरे आहे, गंमत म्हणून खपेल. सरांनीही वेगळ्या कारणानं सुचवलं, की 'येऊन राहिली'ऐवजी 'येते आहे' केलं तर कुठल्याही गावच्या माणसाला कळेल. तिनं दोघांनाही ऐकून घेतलं. सरांना म्हणाली, "तिनं भावाले 'येते आहे' म्हटलंच नाही सर." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दोन डाव म्हटलं होतं मॅडम. दोन डाव म्हणा."

दहाव्या रविवारी संध्याकाळी हॉल भरला. भाऊ आला होता. पन्नाशीचा, रापलेला, पांढरा शर्ट, मांडीवर हेल्मेट. शेवटच्या रांगेत कडेला बसला. तिनं मला लांबूनच दाखवला आणि भिंतीशी उभी राहिली. माझ्याकडे पाठ होती तिची. तिला माझं काम पाहायचंच नव्हतं.

मी टेबलाशी बसले. समोर कोरे कागद, हातात पेन. भावाची वाक्यं सर पडद्यामागून म्हणत होते.

"कुठी आहेस?"

"येऊन राहिली," मी म्हटलं आणि कागदावर लिहीत राहिले. हॉल खळखळून हसला. ओळखीचं होतं ना.

मी आणखी चार कागद लिहिले. एकेकाला 'काय होऊन राहिलं' विचारलं. फोन वाजला.

"कुठी आहेस? माय विचारून राहिली."

"येऊन राहिली."

पुन्हा हसू आलं, पण पुढच्या रांगेतून आलं आणि मध्येच थांबलं. माझा हात कागदावर चालूच होता. पुढचं वाक्य आठवत असूनही मी उगीच एक कागद जास्त लिहिला. मग उठले, पदर खोचला, दांडा धरून उभी राहिले.

"कुठी आहेस?"

"येऊन राहिली, भाऊ. खरंच येऊन राहिली."

'खरंच' तिच्या कागदावर नव्हतं. ते माझ्या तोंडून गेलं. सर पडद्यामागे थोडे थांबले आणि मग म्हणाले, "आता घाई नको करू."

दिवे गेले आणि परत आले. लोकांनी टाळ्या उशिरा वाजवल्या. मी पाहिलं तर कडेची खुर्ची रिकामी होती. जिन्यावरून कोणी उतरत असल्याचा आवाज आला.

मी तिच्याकडे गेले. म्हटलं, "माझ्याकडून एक शब्द जास्त झाला."

"आयकला मी. राहू द्या. पूर्ण आयकलं त्यानं. मधात उठला नाही."

लगेच पुढचं माझं लिखाण होतं, आणि ते तिनं करायचं होतं. मी सरांना खूण केली की माझं राहू द्या. तिनं ती खूण पाहिली. "काहून? तुमचं पण आयकायचं आहे लोकांले." एवढं म्हणून ती गेली, मध्यभागी उभी राहिली आणि माझा निरोपसमारंभ तिनं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत केला. मुख्याध्यापक नाव चुकवतात तिथं ती नुसती थांबली आणि हसून मान खाली घातली. मी स्वतः केलं असतं तर तिथं रडले असते. तिच्यामुळे समोरचे लोक रडले.

त्या संध्याकाळनंतर मी तिला पाहिलेलं नाही. दुसऱ्या वर्षी कार्यशाळा पुन्हा झाली, तिचं नाव नव्हतं. दवाखान्यात फोन केला तर कोणी नवीन मुलगी होती, म्हणाली की त्यांनी काम सोडलं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. जे पाहिलं तेवढंच सांगते.

प्रयोग संपून लोक गेले होते. आम्ही दोघी खुर्च्या एकात एक रचत होतो. ती एरवीसारखीच काम करत होती, चार-चार खुर्च्या एकदम उचलत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. रिकाम्या हॉलमध्ये पलीकडचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला.

"कुठी आहेस?"

तिचे ओठ हलले. काय येणार होतं ते मला कळलं, तुम्हालाही कळलं असेल. पण ते आलं नाही. तिनं हातातली खुर्ची खाली ठेवली.

"वरतंच आहे भाऊ. हॉलमध्ये. खुर्च्या उचलून राहिली. अजून निंगाली नाही."

पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग आवाज आला, "बरं. मी खाली गेटपाशी आहे."

मी म्हटलं, "जा तुम्ही, उरलेल्या मी उचलते." ती गेली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. तो मोटरसायकलला टेकून उभा होता. ती आली तसा त्यानं खिशातून रुमाल काढला आणि मागच्या सीटवरची धूळ पुसली. ती मागे बसली आणि बसताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो राहू दिला.